आकड्यांची साक्ष आणि आलेखाची निवड

(विहारातील रविवारच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. वकिलाने सातबाऱ्यावर बोलावे, जातीच्या दाखल्यावर बोलावे, फार तर घटनेतील एखाद्या अनुच्छेदावर बोलावे. आलेख हा विषय शाळेतील गणिताच्या मास्तरांचा. परंतु गेली काही वर्षे आपल्या लोकांची जी निवेदने, जे तक्ते आणि जी प्रदर्शने माझ्या पाहण्यात येत आहेत, त्यांवरून आपला समाज आता आकडे गोळा करू लागला आहे असे दिसते. ही आनंदाची गोष्ट होय. मात्र ते आकडे मांडावयाचे कसे, याचा विचार व्हावा तितका होत नाही. घरातील मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे बसते, आकडे भरते, एक कळ दाबते आणि रंगीबेरंगी चित्र तयार होते. यंत्र डझनावारी नमुने पुढे करते. त्यांतून कोणता घ्यावयाचा? जो डोळ्यांस बरा दिसेल तो! घात होतो तो येथे. आपणांस कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे हे यंत्र विचारीत नाही, आणि आपणही स्वतःस विचारीत नाही.

न्यायालयात आम्ही साक्षीदार बोलावतो तेव्हा तो कशाबद्दल बोलू शकेल हे आधी पाहतो. दस्तावर ज्याच्या समक्ष सही झाली त्याला सहीबद्दल विचारतो. जखम ज्याने तपासली त्या डॉक्टरला जखमेबद्दल विचारतो. डॉक्टरांना शेताच्या चतुःसीमा विचारून काही लाभ नाही. ते सज्जन असले तरी त्या बाबतीत त्यांची साक्ष कुचकामाची. आलेखांचेही तसेच आहे. प्रत्येक प्रकारचा आलेख एका विशिष्ट प्रश्नापुरता साक्षीदार आहे. त्या प्रश्नाबाहेर त्याला उभा केला की तो खोटे बोलू लागतो, आणि आकडे मात्र सारे खरे असतात. खऱ्या आकड्यांनी सांगितलेले खोटे पकडण्यास फार कठीण, म्हणून मी हा विषय घेतला.

ही विद्या तशी फार जुनी नाही. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ साली लंडन येथे व्यापाराच्या आकड्यांचे आलेख असलेला एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील जवळजवळ सर्व आलेख रेषालेख होते. वर्षामागून वर्ष आयात किती, निर्यात किती, हे दाखविणारे. त्या साऱ्या ग्रंथात स्तंभालेख एकच. तो त्याने का काढला, तर स्कॉटलंडच्या व्यापाराचे त्याला १७८० च्या नाताळापासून १७८१ च्या नाताळापर्यंत अशा एकाच वर्षाचे आकडे मिळाले होते. एका वर्षाची रेषा काढणार कशी? रेषा म्हणजे काळाची वाट, आणि येथे वाट नव्हती. केवळ सतरा देश एका रांगेत उभे होते. म्हणून त्याने प्रत्येक देशापुढे पट्टी काढली. स्वतः प्लेफेअरला तो आलेख थोडा उणा वाटत होता. परंतु आज जगात स्तंभालेखच सर्वांत अधिक काढला जातो. काळाबरोबरचा बदल विचारावयाचा असेल तर रेषा, निरनिराळ्या गोष्टींची तुलना करावयाची असेल तर स्तंभ, हा भेद त्या एका अडचणीतून प्रथम स्पष्ट झाला. वृत्तालेखही त्याचाच, तो १८०१ सालचा. त्याच्याविषयी पुढे बोलेन, कारण आपल्या तक्त्यांत सर्वांत अधिक घोटाळा त्यानेच माजविला आहे.

परंतु प्लेफेअरचा प्रश्न व्यापाऱ्याचा होता. ज्या समाजाला जग माणूस मानावयास तयार नाही, त्या समाजाने आपले आकडे जगापुढे कसे मांडावेत, हा प्रश्न अमेरिकेतील कृष्णवर्णीयांपुढे आला, आणि त्याचे उत्तर डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात दिले. हे ड्यू बॉइस म्हणजे हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय विद्वान. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली त्यांना पत्र लिहिले होते आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात उत्तरही पाठविले. तेव्हा हे नाव आपणांस परके नाही.

पॅरिसच्या प्रदर्शनाच्या वेळी ड्यू बॉइस अटलांटा विद्यापीठात शिकवीत होते. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून साठांहून अधिक आलेख शाईने आणि रंगांनी हाताने काढले. गुलामगिरी कायद्याने संपून पुरती पस्तीस वर्षेही झाली नव्हती. ज्यांच्या आजा-आजीला अक्षर शिकण्याची बंदी होती, त्यांची नातवंडे जनगणनेचे आकडे मोजपट्टीने कागदावर उतरवीत होती. त्याच दालनात जॉर्जिया राज्याने कृष्णवर्णीयांविरुद्ध वेळोवेळी केलेले कायदे हाताने नकलून काढलेले खंडही ठेविले होते. वकील म्हणून ते खंड पाहावेत असे मला फार वाटते. पण आजचा विषय आलेखांचा आहे.

त्यांतील चार आलेख आपण पाहू. पहिला निरक्षरतेचा. कृष्णवर्णीयांत निरक्षरता किती, हे सांगण्यासाठी त्यांनी आडव्या पट्ट्यांचा स्तंभालेख घेतला. येथपर्यंत नवल नाही; तुलनेसाठी स्तंभ हे ठरलेलेच. नवल आहे ते तुलना कोणाशी केली यात. अमेरिकेतील गोऱ्यांशी तुलना केली असती तर पाहणारा म्हणाला असता, पाहा, हे किती मागे! ड्यू बॉइस यांनी आपल्या समाजाची लाल पट्टी रशिया, हंगेरी, इटली अशा युरोपातील देशांच्या हिरव्या पट्ट्यांत नेऊन बसविली. रशियाची पट्टी तिच्याहून लांब निघाली! काल गुलामगिरीतून सुटलेला समाज एका साम्राज्याच्या पुढे होता. आकडे कोणीही गोळा करील. पट्टीशेजारी दुसरी पट्टी कोणाची ठेवावयाची याची निवडसुद्धा आलेखाच्या निवडीचाच भाग आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. मात्र ही निवड लपवून करावयाची नसते. ज्यांच्याशी तुलना केली त्यांची नावे तेथे स्पष्ट लिहिलेली होती.

दुसरा आलेख जॉर्जियातील कृष्णवर्णीयांच्या शहरांतील मालमत्तेच्या मूल्याचा. प्रश्न काळाचा, म्हणून रेषा. १८७० पासून रेषा वर चढते, अडखळते, पुन्हा चढते आणि १८९० नंतरच्या दशकात खाली येते. नुसती रेषा ठेवली असती तर पाहणाऱ्याने म्हटले असते, हे लोक उधळे असतील. म्हणून ड्यू बॉइस यांनी रेषेच्या आजूबाजूला, ज्या त्या काळाच्या जागी, शब्द लिहिले: कू क्लक्स क्लॅनचा दहशतवाद, राजकीय अशांतता, नव्या उद्योगांचा उदय, झुंडीने केलेल्या हत्या, मताधिकार हिरावून घेणारे कायदे. रेषा काय झाले ते सांगते. का झाले ते ती सांगू शकत नाही. ते काम शब्दांचे आहे, आणि ते शब्द आलेखातच, जेथल्या तेथे हवेत. पुढल्या पानावरचा खुलासा सहसा कोणी वाचीत नाही.

तिसरा आलेख १७९० पासून १८७० पर्यंत कृष्णवर्णीयांत स्वतंत्र किती आणि गुलाम किती याचा. येथे प्रश्न दुहेरी आहे. एका समग्रातील दोन भाग दाखवावयाचे, आणि तेही काळाच्या ओघात. म्हणून त्यांनी रेषेखालचा सारा भाग रंगविला. गुलामांचा भाग काळा, स्वतंत्रांचा हिरवा. १७९० साली स्वतंत्र सुमारे आठ टक्के, १८६० साली सुमारे अकरा टक्के. सत्तर वर्षे काळ्या डोंगराच्या माथ्यावर हिरवळीची एक पातळ पट्टी, आणि १८७० ला सारा कागद हिरवा. हेच नऊ वृत्तालेखांत काढले असते तर नऊ थाळ्या मांडल्यासारखे दिसले असते आणि तो कडा कोसळताना दिसला नसता.

चौथा आलेख मात्र मला पटत नाही, जरी आज जगभर त्याचीच चित्रे सर्वांत अधिक छापली जातात. १८९० साली जॉर्जियातील ८,५८,८१५ कृष्णवर्णीयांपैकी ७,३४,९५२ खेड्यापाड्यांत राहत होते आणि दहा हजारांहून मोठ्या शहरांत ७८,१३९. खेड्यांची पट्टी शहरांच्या पट्टीच्या नऊ पटींहून लांब. ती कागदात मावेना. तेव्हा ड्यू बॉइस यांनी तिचे लाल वेटोळे केले, एखाद्या घड्याळाच्या कमानीसारखे. चित्र मोठे देखणे झाले, चालता माणूस थांबून पाहील असे. परंतु वेटोळ्याची लांबी डोळ्याला मोजता येत नाही. प्रदर्शनात गर्दीला थांबविणे हेच पहिले काम असेल तर त्यांचा बचाव करता येईल. कलेक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवावयाच्या निवेदनात मात्र अशी वेटोळी नकोत. या कामगिरीबद्दल ड्यू बॉइस यांना त्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले, हेही सांगितले पाहिजे.

आता आपल्या घरच्या आकड्यांकडे वळू. आपल्याकडील एक आकडा असा आहे की, जगाच्या जनगणनेच्या इतिहासात त्याला जोड थोडी सापडेल. १९५१ च्या जनगणनेत आज ज्याला महाराष्ट्र म्हणतात त्या भूभागात बौद्ध म्हणून नोंदलेले लोक २,४८७ होते. (महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले, म्हणून भूभाग म्हणावयाचे.) १९६१ च्या जनगणनेत ते २७,८९,५०१ झाले. हे दोन आकडे आपल्या प्रत्येक प्रदर्शनात असतात, आणि नऊ वेळा ते रेषालेखात असतात. १९५१ वर एक टिंब, १९६१ वर एक टिंब, आणि दोहोंना जोडणारी भर उंच चढणारी रेषा. दिसते छान. परंतु या साक्षीदाराची आपण उलटतपासणी करू.

रेषा म्हणते, मी दोन टिंबांच्या मधल्या काळाबद्दलही बोलते. बरे, मग सांग, १९५६ च्या मार्चमध्ये या भूभागात बौद्ध किती होते? रेषेच्या बरोबर मध्यावर बोट ठेवा. उत्तर येते सुमारे चौदा लक्ष. १९५६ च्या मार्चमध्ये! नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. म्हणजे आपल्याच प्रदर्शनातील आपलाच आलेख अशी साक्ष देत आहे की, दीक्षेच्या सात महिने आधी चौदा लक्ष लोक बौद्ध होऊन बसले होते, दरवर्षी पावणेतीन-तीन लाखांच्या भराने, सावकाश, जणू नदीला पाणी चढावे तसे. या साक्षीने १४ ऑक्टोबर या दिवसाचे महत्त्वच पुसून जाते. दोन्ही टिंबे खरी, मधली रेषा खोटी.

म्हणून येथे रेषा नको, दोन स्तंभ हवेत. स्तंभ मधल्या काळाबद्दल काही बोलत नाही. त्याला तेवढे माहीत नाही आणि तो ते मान्य करतो. दोन स्तंभांच्या मध्ये मोकळी जागा ठेवा आणि त्या जागेत दीक्षेचा दिनांक लिहा, जसे ड्यू बॉइस यांनी रेषेशेजारी कारणे लिहिली. मग पाहणारा आपोआप तेथे थांबेल.

आता दुसरी अडचण येते. २७,८९,५०१ हा आकडा २,४८७ च्या सुमारे ११२१ पट आहे. १९६१ चा स्तंभ एक मीटर उंच काढला तर १९५१ चा स्तंभ एक मिलिमीटरही भरत नाही. मुले म्हणतात, साहेब, तो दिसतच नाही, थोडा मोठा करू का? मुळीच करू नका. तो दिसत नाही हीच तर हकीकत आहे! थोडे अधिक शिकलेले विद्यार्थी म्हणतात, घातांकी प्रमाण घेऊ या. म्हणजे अक्षावर एक हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख अशा दहापटीच्या समान पायऱ्या. वाढीचा वेग विचारावयाचा असेल तेथे ते प्रमाण उत्तम. साथीच्या रोगांचे आलेख अशा प्रमाणावर काढतात ते त्यामुळेच. परंतु येथे त्याने काय होईल? एक आकडा खालून चौथ्या पायरीच्या अलीकडे आणि दुसरा सातव्या पायरीच्या अलीकडे बसेल, आणि पाहणाऱ्याला वाटेल की संख्या दुपटीच्या आतबाहेर झाली. स्तंभांना तर ते प्रमाण शोभतच नाही, कारण त्यात शून्य कोठेच नसते आणि शून्यावाचून स्तंभाच्या उंचीला अर्थ नाही. काही जण याच वाढीला एक लाख बारा हजार टक्के असे म्हणतात. हिशेब बरोबर आहे. पण इतक्या लहान पायावर काढलेली टक्केवारी ऐकणाऱ्याच्या डोक्यात काही ठेवीत नाही. दोन आकडे तसेच्या तसे लिहिणे याहून बरे.

रेषा आपल्याला वर्ज्य आहे असे मात्र नाही. १९६१ नंतरच्या जनगणनांसाठी ती चालेल, कारण त्या काळात वाढ एका दिवसाच्या घटनेने झालेली नसून जन्ममृत्यू आणि नव्या दीक्षा यांनी वर्षानुवर्षे झालेली आहे. पण तेथेही प्रश्न आधी ठरवा. २००१ साली भारतात बौद्ध ७९,५५,२०७ होते आणि २०११ साली ८४,४२,९७२. संख्येची रेषा काढाल तर ती वर जाते. एकूण लोकसंख्येतील प्रमाणाची रेषा काढाल तर ती खाली येते. २००१ साली ०.७७ टक्के, २०११ साली ०.७० टक्के. दोन्ही रेषा खऱ्या. एकाच आकड्यांवरून ‘आपण वाढतो आहोत’ असे भाषण करता येते आणि ‘आपण घटतो आहोत’ असेही. आपल्या सभांतून पहिलेच भाषण अधिक ऐकू येते. टाळ्या पडतात हे मला कळते. परंतु ज्या घरांनी नुकतीच दीक्षा घेतली आहे त्यांना दुसरी रेषाही दाखविली पाहिजे. धर्माच्या रकान्यात आपले नाव कसे नोंदले जाते, नोंदणाऱ्याने विचारले की न विचारताच लिहिले, या गोष्टींकडे लक्ष जाईल ते त्या दुसऱ्या रेषेमुळे.

आता वृत्तालेख. वृत्त म्हणजे समग्र. त्याचे तुकडे एकत्र केले की समग्र पुरे झाले पाहिजे, आणि कोणताही माणूस दोन तुकड्यांत असता कामा नये. भाकरीचा एक तुकडा दोघांच्या ताटात एकाच वेळी असू शकत नाही, तसे. महाराष्ट्राची २०११ ची लोकसंख्या धर्मानुसार मांडावयाची तर वृत्तालेख चालतो, हिंदू ७९.८३ टक्के, मुस्लिम ११.५४, बौद्ध ५.८१, आणि बाकीचे थोडे थोडे. परंतु मी असा एक वृत्तालेख पाहिला की, त्यात एक तुकडा ‘बौद्ध’, दुसरा ‘अनुसूचित जाती’ आणि तिसरा ‘इतर’! काढणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण धर्म ही एक विभागणी आणि अनुसूचित जाती ही दुसरी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात बौद्ध ६५,३१,२००; अनुसूचित जातींचे लोक १,३२,७५,८९८; आणि या दुसऱ्या आकड्यातच ५२,०४,२८४ बौद्ध आहेत, कारण १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतील बौद्धांनाही ती मान्यता आहे. म्हणजे त्या वृत्तात बावन्न लक्ष माणसे दोन-दोन वेळा मोजली गेली. असा आलेख निवेदनास जोडला तर समोरचा अधिकारी केवळ तेवढ्या एका चुकीवर बोट ठेवील, आणि बाकीच्या खऱ्या मागणीकडेही संशयाने पाहील. अशा वेळी विभाजित स्तंभालेख काढावा. अनुसूचित जातींचा एक स्तंभ. त्यात ८०,६०,१३० हिंदू, ५२,०४,२८४ बौद्ध आणि ११,४८४ शीख असे भाग. बेरीज करून पाहा, बरोबर जुळते.

तुकडे दोनतीन असतील आणि त्यांत एक अर्धा किंवा पाव असेल तर वृत्त चटकन कळते. आठदहा तुकडे झाले की डोळा फसतो. १९८४ साली क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन अमेरिकन संशोधकांनी लोकांना आलेख दाखवून प्रयोग केले. एका सामाईक पट्टीवरील स्थान माणूस सर्वांत अचूक ओळखतो. लांबीत त्याहून अधिक चुकतो, कोनात आणखी, आणि क्षेत्रफळात त्याहूनही. वृत्तालेख कोनांवर उभा आहे, म्हणून तो कच्चा साक्षीदार. आणि तो तिरपा करून जाड थाळीसारखा काढण्याची जी फॅशन निघाली आहे, तिच्यात पुढचा तुकडा उगाच मोठा दिसतो. माणसांची चित्रे काढून दुप्पट संख्येसाठी दुप्पट उंच माणूस काढतात, तेथेही हाच दोष. उंची दुप्पट झाली की रुंदीही होते आणि चित्र चौपट भरते.

आता एका अशा गोष्टीविषयी बोलतो की जी आपल्या विरोधकांपेक्षा आपणांसच अधिक मोहात पाडते. सरतपासणीत आपल्या साक्षीदाराला सूचक प्रश्न विचारण्यास कायदा न्यायालयाच्या परवानगीवाचून मुभा देत नाही. ‘तेव्हा आरोपीच्या हातात कुऱ्हाड होती ना?’ असे विचारले की उत्तर प्रश्नातच भरलेले असते. शून्यापासून न निघणारा स्तंभालेख हा असाच सूचक प्रश्न आहे. २०११ च्या जनगणनेत सात वर्षांवरील लोकांत देशाची साक्षरता ७२.९८ टक्के होती आणि बौद्धांची ८१.२९ टक्के. आपल्याला अभिमान वाटावा असे हे अंतर आहे, सुमारे सव्वाआठ अंकांचे. पण यंत्रावर आलेख काढला की ते पुष्कळदा अक्ष सत्तरापासून सुरू करते. मग एक स्तंभ तीनच्या जवळ उंच आणि दुसरा सव्वाअकराच्या. म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांना आपण जवळजवळ पावणेचार पट साक्षर! कोणी हिशेबी माणसाने ते पकडले तर खऱ्या सव्वाआठ अंकांचेही मोल जाईल. स्तंभाची सुरुवात शून्यापासून, यात अपवाद नाही. रेषालेखाला ती सक्ती नाही, कारण रेषेत आपण उंची न पाहता चढउतार पाहतो. तरी अक्ष कोठून सुरू केला ते ठळक लिहावे.

आणखी दोन प्रकार थोडक्यात सांगतो. जमीन, उत्पन्न, वय यांसारख्या मापांची वाटणी दाखवावयाची तर आयतालेख घ्यावा. शाळेत मुले तो काढतात. स्तंभांत जागा न सोडता, कारण माप सलग असते. येथे सरासरीवर भिस्त ठेवू नका. समजा, एका वस्तीत अकरा कुटुंबे आहेत. दहांना जमीन नाही, एकाला बावीस एकर आहे. सरासरी निघते दोन एकर! आलेखात सरासरीचा एकच स्तंभ काढला तर भूमिहीन दहा कुटुंबे कागदावरून नाहीशी झाली, आणि जमिनीच्या मागणीचा अर्जच निकालात निघाला. आयतालेखात ती दहा कुटुंबे शून्याजवळ गर्दी करून उभी दिसतात. दुसरा प्रकार ठिपक्यांचा आलेख. दोन मापांचा संबंध पाहण्यासाठी. शाळा घरापासून किती दूर आणि मुलीची हजेरी किती, असे प्रत्येक मुलीमागे एक ठिपका. ठिपके एका दिशेने उतरताना दिसले तर संबंध आहे असे म्हणता येईल. अंतरामुळेच हजेरी घटली असे मात्र एवढ्यावरून सिद्ध होत नाही. रस्ता, शौचालय, घरचे काम, हे सारे वेगळे विचारावे लागते.

आणि जेथे आकडे तीनचारच आहेत तेथे आलेख काढूच नका. साधे कोष्टक द्या, नाही तर वाक्यात लिहा. चार आकड्यांसाठी पानभर रंग खर्च करणे म्हणजे जामिनाच्या अर्जाला शंभर पानांची परिशिष्टे जोडणे होय. आमच्या धंद्यात तशीही मंडळी आहेत.

आलेख तयार झाला की त्याच्या खाली तीन गोष्टी लिहिल्याशिवाय तो भिंतीवर लावू नये. आकडे कोठून घेतले, कोणत्या वर्षाचे, आणि टक्केवारी कशाची. ‘बौद्धांत पदवीधर अमुक टक्के’ एवढ्याने भागत नाही. सर्व बौद्धांपैकी, की प्रौढांपैकी, की स्त्रियांपैकी? ऐकीव पुराव्याला न्यायालयात जी किंमत, तीच उगम न लिहिलेल्या आकड्याला.

शेवटी, जी मुले जनगणनांचा रेषालेख काढीत आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. आजवर स्वतंत्र भारताच्या जनगणना दर दहा वर्षांनी झाल्या आणि अक्षावर समान अंतरे पडत गेली. २०२१ साली व्हावयाची जनगणना मात्र झाली नाही, आणि जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ असा ठरविला. तो आकडा हाती येईल तेव्हा यंत्र त्याला २०११ च्या शेजारी नेहमीच्याच अंतरावर बसवील. तसे झाल्यास सोळा वर्षांची वाढ दहा वर्षांत झाल्यासारखी दिसेल आणि रेषा उगाच ताठ उभी राहील. दहा वर्षांना दहा सेंटिमीटर असे आपले प्रमाण असेल, तर २०११ च्या टिंबापासून पट्टीने सोळा सेंटिमीटर मोजा, आणि तेथे टिंब द्या.